आतला टायर फुटला. आता सोळा घेऊ की अठरा?

निफाड तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडं आखडून देतो.

"काका, नमस्कार. वडिलांची सहाचाकी गाडी दोन वर्षांपासून मी चालवतो. २०१४ चं मॉडेल, आरसीवर गाडी आणि माल मिळून १६.२ टन. लासलगाव-पिंपळगावहून कांदा भरून वाशीला जातो, येताना मिळेल तो माल. रिकामी गाडी काट्यावर ६ टन २०० भरते, माल साधारण ५० किलोच्या २४० गोण्या. एप्रिलमध्ये कसारा घाट उतरून खर्डीच्या पुढे गेलो आणि मागचा डावा आतला टायर फुटला. तसाच चार-पाच किलोमीटर हळूहळू ढाब्यापर्यंत गेलो, तिथं स्टेपनी चढवली. टायर १०.०० आर २० आहेत, १६ पीआर, फोटो पाठवलेत. दुकानदार म्हणतो १८ पीआर घे, दोन टन जास्त भरता येईल, सरकारनं आता साडेअठरा टनाला परवानगी दिलीच आहे. मामा म्हणतात रेडियल सोड, नायलॉन घे. गावात एकाकडे ९.०० चे दोन जवळपास नवे टायर स्वस्तात मिळतायत. खिसा सध्या दोनच टायरचा आहे. उन्हाळ्यात फुटू नये म्हणून मी हवा मुद्दाम ९५ ठेवतो, तरी फुटला याचंच नवल वाटतं. टायरवरचे आकडे वाचायचे कसे आणि घ्यायचं काय, ते सांगा."

तुमच्या पत्रातली हवेची ओळ मी दोनदा वाचली. टायर ९५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असूनही फुटला असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो, ९५ इतकी कमी होती म्हणूनच फुटला. फोटोत टायरच्या बाजूला, रिम आणि नक्षी यांच्या बरोबर मध्ये, गोलाईनं एक लांब चीर गेलीय. तिच्यात स्टीलच्या तारांची टोकं ओळीनं उभी आहेत, जाकिटाची चेन उघडल्यासारखी. खिळ्यानं किंवा दगडानं फुटलेला टायर असा दिसत नाही. हातात पकड नसताना लोखंडी तार तोडायची असेल तर आपण ती एकाच जागी पुढंमागं वाकवत राहतो. आधी ती गरम होते, मग तुटते. तुमच्या टायरच्या साइडवॉलमध्ये, म्हणजे त्या बाजूच्या भिंतीत, हेच चाललं होतं. ताशी ६० च्या वेगानं हा टायर मिनिटाला तीनशेच्या वर फेरे घेतो, आणि प्रत्येक फेऱ्यात साइडवॉल एकदा दबते, एकदा ताठ होते. हवा कमी असेल तर ती जास्त दबते. रबराला आतली उष्णता पटकन बाहेर टाकता येत नाही, म्हणून ती आतच साठत जाते.

उन्हात हवा वाढते हे खरं आहे. सकाळी थंड टायरमध्ये १२० पीएसआय भरली तर घाट उतरून आल्यावर १३५-१४० दिसेल. टायर बनवणाऱ्यानं ही वाढ धरूनच टायर बनवलेला असतो. ती वाढलेली हवा ढाब्यावर थांबून फुस्स करून सोडणारे ड्रायव्हर मी नोकरीच्या तीस वर्षांत रोज बघितले, आणि त्यातले निम्मे माझ्याशी भांडलेही. गाडी गार झाल्यावर त्याच टायरमध्ये १०० उरते आणि पुढच्या फेरीला तो आणखी तापतो. हवा मोजायची ती गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी निघण्याआधी. तापलेल्या टायरची हवा सोडायची नाही.

आतलाच का फुटला, हेही बघा. ब्रेकचा ड्रम त्याच्या सगळ्यात जवळ असतो आणि कसारा उतरताना तो ड्रम चुलीसारखा तापतो. दोन टायरच्या मध्ये वारा खेळत नाही. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असल्यामुळे आतल्यावर भार थोडा जास्तच पडतो. आणि त्याचा व्हॉल्व्ह आत, हात घालायला कंटाळा येतो, म्हणून त्याची हवा कुणी मोजतच नाही. टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाजावरून हवा ओळखतो म्हणणारे पुष्कळ आहेत. एकदा मी अशाच एका जुन्या उस्तादाला सहा टायर वाजवायला लावले आणि मग मीटर लावला. ७० आणि ११० मधला फरकही त्याला ओळखता आला नव्हता. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हला लांब नळी मिळते, ती नवा टायर चढवतानाच लावून घ्या. आणि हवेचा मीटर स्वतःचा ठेवा. पंक्चरवाल्याच्या मीटरनं आयुष्यात किती मार खाल्लाय, ते आपल्याला माहीत नसतं.

आता आकडे. तुमच्या टायरवर लिहिलंय, १०.०० आर २०, १४६/१४३ के, १६ पीआर. दहा म्हणजे रुंदी, साधारण इंचात. आर म्हणजे रेडियल. वीस म्हणजे रिमचा व्यास. के हे वेगाचं अक्षर, ताशी ११० किलोमीटरपर्यंत. भरलेल्या गाडीला तेवढं पळवायचं नाहीच, त्यामुळे त्यात अडकू नका.

बघायचा आकडा १४६/१४३. याला लोड इंडेक्स म्हणतात. हे किलो नाहीत, तक्त्यातले क्रमांक आहेत. १४६ म्हणजे ३,००० किलो आणि १४३ म्हणजे २,७२५ किलो. पहिला आकडा टायर एकटा असताना, म्हणजे पुढच्या चाकाला. दुसरा जोडीत असताना, म्हणजे तुमच्या मागच्या चार टायरपैकी प्रत्येकाला. जोडीत आल्यावर ताकद कमी का धरतात, असं मला नेहमी विचारतात. दोन बैल जुंपले तरी दोघं कधी सारखं ओढत नाहीत, तसंच. खड्डा, उतरता रस्ता, हवेतला फरक, यामुळे एकावर भार थोडा जास्त जातोच, म्हणून तेवढी सवलत आधीच कापून ठेवलेली असते.

आणि पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, पण १६ पीआर म्हणजे टायरमध्ये सोळा थर आहेत असं नाही. हा गैरसमज दुकानदारांमध्येसुद्धा पक्का आहे. फार पूर्वी टायर सुती कापडाचे थर लावून बनवत, तेव्हा थर मोजले की ताकद कळायची. पुढे नायलॉन आलं, मग स्टील आलं, थर कमी झाले, पण मोजायची जुनी भाषा तशीच राहिली. आज १६ पीआर म्हणजे "जुन्या सोळा सुती थरांच्या तोडीचा" एवढंच. तुमच्या रेडियलच्या बाजूवर बारीक अक्षरं असतील तर वाचा. बऱ्याच टायरवर साइडवॉलमध्ये किती थर आणि कशाचे, ते छापलेलं असतं. तिथं स्टीलचा एकच थर लिहिलेला दिसेल. बाकीचे पट्टे नक्षीखाली असतात. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांचे १६ पीआर एकसारखे धरू नका. तुलना करायची ती लोड इंडेक्सची.

आता हिशोब मांडू. तुमची आरसी १६.२ टनाची, म्हणजे पुढच्या एक्सलला (चाकांच्या आसाला) ६ टन आणि मागच्याला १०.२ टन. पुढे दोन टायर, प्रत्येकी ३,०००, झाले बरोबर ६,०००. मागे चार, प्रत्येकी २,७२५, झाले १०,९००. गाडीला हा टायर कुणी अंदाजानं लावलेला नाही. पुढे काठोकाठ आणि मागे ७०० किलोची मोकळीक, असा तो बसवलेला आहे.

गावातले ९.०० आर २० घ्यायचे का, याचं उत्तर याच बेरजेत आहे. त्या मापात १४ पीआर असेल तर बहुतेक १४१/१३९ असतं, म्हणजे २,५७५ आणि २,४३०. पुढे दोन लावले तर ५,१५० आणि मागे चार लावले तर ९,७२०, म्हणजे दोन्हीकडे कमी. १६ पीआर निघाला आणि त्यावर १४४/१४२ असलं तरी पुढे ५,६०० च होतात. शिवाय माप लहान, त्यामुळे १०.०० च्या जोडीला लावला तर तो रस्त्याला नीट टेकणारच नाही आणि सगळा भार शेजाऱ्यावर जाईल. मी हे गमावून शिकलोय. एका ट्रान्सपोर्टमध्ये टायरखात्याला असताना वर्दळीच्या दिवसांत एका गाडीला ९.०० ची स्टेपनी देऊन टाकली होती, "एका फेरीपुरती" म्हणून. गाडी परत आली तेव्हा शेजारचा १०.०० चा टायर इतका तापलेला होता की हात टेकवत नव्हता. तो टायर पुढच्या महिन्यात गेला. चूक माझी होती, नाव मात्र ड्रायव्हरचं लागलं. स्वस्तातले ते दोन टायर ज्याच्या गाडीला ९.०० च आहेत त्याला घेऊ द्या.

आता दुकानदाराचे १८ पीआर. याच मापात १८ पीआर घेतला तर सहसा १४९/१४६ मिळतो, म्हणजे पुढे ३,२५० आणि जोडीत ३,०००. मागे चार टायरचे १२,००० झाले. कागदावर दुकानदार खोटं बोलत नाही. पण ते ३,००० किलो टायरला १३० च्या वर, १३५ च्या आसपास हवा असतानाच मिळतात. जास्तीचे पीआर म्हणजे जास्त हवा सोसायची परवानगी. वजन हवा उचलते, टायर त्या हवेला धरून ठेवतो. एकाच मापाचे १६ पीआर आणि १८ पीआर दोन्ही ९५ वर ठेवले तर दोघांची ताकद जवळजवळ सारखीच राहते. दोन्ही जोडीत अडीच टनांच्या खाली येतात. तुम्ही १८ पीआर घेऊन हवा ९५ ठेवलीत तर जास्तीच्या पैशांत फक्त जास्त जाड रबर येईल, आणि जाड रबर तापतंही जास्त.

त्या दिवशी काय झालं ते आता दिसतं का बघा. ६,२०० आणि १२,००० मिळून गाडी १८ टन २०० किलो. त्यातले मागच्या एक्सलवर साडेअकरा ते बारा टन गेले असणार. हिशोबाला बारा धरू. प्रत्येक टायरवर तीन टन. टायरची छापील ताकद २,७२५, तीही पूर्ण हवेत. ९५ मध्ये अडीचच्याही खाली. वर तापलेला ड्रम आणि एप्रिलचं डांबर. नवल वाटायचं असेल तर तो खर्डीपर्यंत टिकला याचं वाटू द्या.

साडेअठरा टनाची गोष्ट अर्धी खरी आहे. केंद्र सरकारनं १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेनं एक्सलची मर्यादा वाढवली. पुढच्या एक्सलला ६ चे ७ टन, चार टायरच्या मागच्या एक्सलला १०.२ चे ११.५ टन झाले आणि दोन एक्सलच्या ट्रकला १६.२ चे १८.५. पण तुमची गाडी २०१४ ची आहे आणि आरसीवर १६.२ छापलंय. काट्यावर तुमच्याकडून आरसीच मागतात, अधिसूचना नाही. १८.५ टनाच्या गाडीला पाटे (स्प्रिंगा), ब्रेक आणि टायर तेवढ्या वजनाचे लागतात. मोठ्या मापात बघायचं तर २९५/८० आर २२.५ वर १५२/१४८ लिहिलेलं असतं, म्हणजे ३,५५० आणि ३,१५०. पुढे ७,१०० आणि मागे १२,६००. तेव्हा कुठे ७ आणि ११.५ टन नीट पेलतात. १८ पीआर लावूनसुद्धा तुमच्या पुढच्या एक्सलला ६,५०० च मिळतात, ७ टन नाहीत. नुसता टायर बदलून पासिंग (मंजूर वजन) वाढत नाही. ओव्हरलोडचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २,०००. तुमचे दोन टन जास्त, म्हणजे २४,०००, आणि माल उतरवायचा खर्चही तुमच्याच माथी. चाळीस गोण्यांचं भाडं किती येतं, ते तुम्ही मला सांगा.

माझं मत विचाराल तर १६ पीआरच घ्या, १४६/१४३ बघून, आणि गोण्या दोनशेवर आणा. जो पैसा वाचेल त्यात मीटर, व्हॉल्व्हच्या नळ्या आणि नव्या ट्यूबा येतील. पुढेमागे सहाही टायर बदलायची वेळ आली आणि १८ पीआर थोड्या फरकात मिळाले तर जरूर घ्या, फक्त रिमला तेवढी हवा चालते का ते आधी बघा. आज दोन १८ चे आणि चार १६ चे अशी खिचडी करू नका, एका एक्सलवर तर नकोच.

मामांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या काळात ते बरोबर होते. खाणीत, खडी क्रशरवर, जिथं दगडाची धार साइडवॉल कापते आणि गाडी वीसच्या वर जात नाही, तिथं आजही नायलॉन टिकतो. पण तुमची गाडी भरून दोनशे किलोमीटरच्या वर पळते. ५ जून २०२५ पासून समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही खुला झालाय, कधी त्या सरळ काँक्रीटवरून गेलात तर टायरला दम खायला वळणसुद्धा मिळणार नाही. अशा कामात नायलॉन रेडियलपेक्षा जास्त तापतो आणि डिझेलही जास्त पितो. एका एक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन तर कधीच नको. दोघांची दबायची तऱ्हा वेगळी, म्हणजे जोडीत भांडण ठरलेलं.

आता खिशाचा प्रश्न, दोनच टायर. नवे दोन मागे लावायचा मोह होईल, कारण फुटला तो मागचा. तसं करू नका. मागे चार आहेत, एक गेला तर तीन गाडी सावरून धरतात. पुढचा गेला तर स्टिअरिंग तुमच्या हातात राहत नाही. नवे दोन्ही पुढे लावा, सरळ रेघांची रिब नक्षी बघून. पुढून निघालेले दोन मागे न्या आणि एकाच बाजूला जोडीनं लावा, ते एकत्र झिजलेत, त्यांचं एकमेकांशी जमेल. मार्केट यार्डाच्या चिखलात ही नक्षी लगसारखी (आडव्या जाड ठोकळ्यांच्या नक्षीसारखी) पकडणार नाही, तेवढं पावसाळ्यात सांभाळा. रिसोल केलेला (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) टायर मागे चालतो, पुढे नाही. मी तरी लावू देत नाही.

जोडी लावताना टेप घ्या. टायरला हवा भरून, उभा करून, नक्षीच्या मधोमध घेर मोजा. दहाच्या मापात दोघांच्या व्यासात १२ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, म्हणजे घेरात साधारण ३८. वाटतं तेवढं हे सोपं नाही. नव्या टायरची नक्षी १६ मिलिमीटर खोल आणि जुन्याची ६ उरलेली असली तर फरक १० चा, पण व्यासात दोन्हीकडून धरून २० चा, आणि घेरात ६३ चा. म्हणून नव्याशेजारी जुना लावला की नवा सगळं ओझं घेतो आणि जुना नुसता घासत चालतो. फरक मर्यादेत असेल तर मोठा बाहेर, लहान आत.

दुकानात गेल्यावर टायरच्या बाजूवर चार आकड्यांची तारीख शोधा. २३२४ असेल तर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर तुम्हाला नव्याच्या भावात विकतील. घासाघीस करायला हाच मुद्दा वापरा, नाहीतर दुसरा काढायला लावा. आयएसआयचा शिक्का आणि त्याजवळ आयएस १५६३६ हा क्रमांक बघा, व्यापारी गाड्यांच्या टायरचं मानक तेच आहे. कंपनी कुठली, यावर मी पान भरणार नाही. नामांकित चार-पाचांपैकी जिचा माणूस तुमच्या तालुक्यात तक्रारीला येतो ती घ्या. सिएटचा कारखाना तर नाशकातच आहे, पण कारखाना जवळ असल्यानं टायर जास्त पळतो असं काही नाही.

ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी) नवेच घ्या, रेडियलचेच. जुनी ट्यूब ताणून वाढलेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि त्या घडीवरच ती जाते. टायर बसवताना त्याला रिमवर अडकवणारी लॉक रिंग नीट बसल्याची खात्री होईपर्यंत हवा हळू भरायची, आणि समोर कुणी उभं राहायचं नाही. पिंजरा असलेल्या दुकानातच हे काम करा. त्या रिंगनं डोकी फुटलेली मी बघितली आहेत, जास्त लिहीत नाही. टायर काढताना आधी पूर्ण हवा सोडायची, मगच रिंगला हात लावायचा. जोडीतला असेल तर दोन्ही टायरची सोडायची आणि मगच नट सैल करायचे.

हे सगळं करायच्या आधी काट्यावर जा. नेहमीसारखी भरलेली गाडी घ्या, पण दोनशे गोण्यांची. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर चढवून वजन घ्या, मग पूर्ण गाडी, मग पुढची चाकं उतरवून फक्त मागची. काट्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ता सपाट असला पाहिजे, नाहीतर आकडा खोटा येतो. काटेवाला तीन चिठ्ठ्यांना कुरकुर करेल, करू द्या. मागे १०.२ च्या वर गेलं आणि पुढे मोकळं राहिलं, तर हौद्यात गोण्यांची थप्पी पुढे सरकवायची, टायर बदलायचा नाही. मागे १०.२ टन म्हणजे प्रत्येक टायरवर २,५५० किलो. त्याला तुमच्या १६ पीआरमध्ये ११५ हवा धरा, पुढे १२०. टायरवर छापलेल्या कमाल हवेच्या वर जायचं नाही.

एक गोष्ट मात्र या आठवड्यातच करा. डावा बाहेरचा टायर फुटलेल्या शेजाऱ्याचंही ओझं घेऊन चार-पाच किलोमीटर चाललाय. आणि उजवा आतला टायर तेवढ्याच हवेवर, तेवढ्याच वजनाखाली, त्याच घाटातून दोन वर्षं फिरलाय. दोघांनाही रिमवरून उतरवा आणि आतून दिव्याच्या उजेडात बघा. साइडवॉलच्या आत रबराचा रंग बदललेला असेल, सुरकुत्या असतील, हात फिरवल्यावर तारेचं टोक टोचलं किंवा बाहेरून दाबताना एखादी जागा मऊ लागली, तर त्यात पुन्हा हवा भरू नका आणि रिसोललाही देऊ नका. दोन्ही बाद झाले तर नवे दोन, पुढचे दोन, उजवा बाहेरचा आणि आता चढवलेली स्टेपनी असे सहा होतात आणि स्टेपनी उरत नाही. तेवढ्यासाठी एक बरा रिसोल टायर बघून ठेवा, १०.०० चा, १४६/१४३ चा. काट्याच्या चिठ्ठ्यांचे फोटो पाठवा.